मरियामातेचे डोळे मी दोनदा आखले

देव घडवणारे हात लालबाग-परळमध्ये पुष्कळ आहेत. त्या देवांना नजर देणारे कमी. मी त्या कमीतला. माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. माती, साचा, पॉलिश, रंग, दागिने, सगळं उरकलं की शेवटी मला बोलावणं यायचं. तोवर मूर्तीसमोर बसून कारागीर बिड्या ओढतात, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात, वडापावचे कागद तिच्या पाटाखाली सरकवतात. मी आखणी करून उठलो की तीच माणसं बिडी विझवून शर्टाची बटणं लावतात. अख्ख्या मुंबईत एवढा दरारा फक्त माझ्या कुंचल्याचा. कुंचला म्हणजे सात केसांचा. आठवा केस आला की त्या कुंचल्याने कावळ्याचा डोळा काढावा, देवाचा नाही.

डोळा म्हणजे काय, तर पांढऱ्यात एक काळा ठिपका. पण तो ठिपका तांदळाच्या कणीएवढा इकडे सरकला की देव रागावलेला दिसतो, तिकडे सरकला की झोप न झाल्यासारखा. सगळ्यात शेवटी बुबुळात टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका द्यायचा. तो दिला की डोळ्यात पाणी येतं आणि देव बघायला लागतो. तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा नाही. माझा विक्रम सव्वाचार मिनिटांचा आहे. डॉक्टर म्हणतात, शक्य नाही. डॉक्टरांनी कधी आखणी केलेली नाही.

आणि नजर पडली पाहिजे ती समोरच्यावर. हा धंद्याचा पहिला नियम, दुसरा नियमच नाही. माणूस रांगेत आठ तास ताटकळून येतो, पाव मिनिट उभा राहतो. तेवढ्यात त्याला वाटलं पाहिजे की देवाने माझ्याकडेच पाहिलं. ठाकूरद्वारचे एक बँकेतले गृहस्थ दरवर्षी घरातल्या पाचही माणसांची उंची कागदावर लिहून आणायचे, शिवाय टेबलाची वेगळी. म्हणायचे, "नजर आमच्या हिच्यावर पडू दे. माझ्यावर नाही पडली तरी चालेल, माझ्याकडे बघायला ऑफिसात साहेब आहेत." एका मंडळाच्या अध्यक्षाने तर कानात सांगितलं, "समोरच्या गल्लीतल्या मंडळावर ठेवा. जराशी रागीट." मी ठेवली. त्या वर्षी त्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा तीनदा बंद पडला. त्यात माझा हात होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही म्हणत नाही.

एवढ्या वर्षांत मी आखलेला एकही डोळा पुसला गेला नाही. हे वाक्य मी जिथे-तिथे सांगायचो. आता सांगत नाही. का, ते लिहितो.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी पास्कलचा फोन आला. पास्कल परळचा, आमची कॅरमची जोडी पन्नास वर्षांची. गिरणी गेल्यावर तो दादरच्या एका चर्चमध्ये लागला. घंटा वाजवण्यापासून बाकं पुसण्यापर्यंत सगळं तोच.

"गज्या, तुझे ते केसाएवढे ब्रश घेऊन असशील तसा दादरला ये."

"का रे, काय झालं?"

"मी देवाच्या आईला आंधळी केलीय."

मी पिशवी घेतली, चप्पल घातली. आतून बायको म्हणाली, "देवळात चला म्हटला तर गुडघे दुखतत, आनि चर्चात धावत निघालात?" टॅक्सी केली.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या दिवशी प्रदर्शन होतं. ख्रिस्ती घरांतल्या जुन्या पूजेच्या वस्तू एक दिवस मागून आणायच्या, मांडायच्या आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या. कल्पना नव्या फादरांची. वय तिशीचं, येऊन सहा महिने झालेले, चेहरा असा की परीक्षेला बसलेत आणि पेपर अवघड गेलाय. ते मला दारातच भेटले आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

मूर्ती होती आग्नेसबाईंची. गिरगावच्या एका वाडीत एकट्या राहतात, वय ब्याऐंशी. आईच्या वेळेपासून ही मरियामाता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर. कधी घराबाहेर गेली नाही. फादर तीनदा त्यांच्याकडे गेले, तीनदा त्यांच्या हातचा केक खाल्ला आणि तिसऱ्यांदा शब्द दिला की, "जशी नेतोय तशीच परत आणेन." त्या चार वाजता प्रदर्शन बघायला येणार होत्या आणि सहाला मूर्ती घेऊन घरी जाणार होत्या.

"आणि ह्याने सकाळी ती पुसली," फादर पास्कलकडे बघत म्हणाले.

"चकाचक दिसावी म्हणून, फादर! बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं."

"आत काय होतं?" मी विचारलं.

"थिनर," पास्कल म्हणाला. "पुसल्यावर कळलं."

मूर्ती दोन फुटांची, प्लास्टरची. निळा झगा, कडेवर बाळ. मान बाळाकडे कललेली. बाळ मान वर करून आईकडे बघतंय आणि आईच्या डोळ्यांच्या जागी सोललेली उकडलेली अंडी. इतका सुंदर चेहरा आणि त्यात काहीच नाही.

फादरांनी मोबाईल पुढे केला. "हा तिचा घरातला फोटो. नीट दिसत नाही, दिव्याचा उजेड आलाय, पण तुम्हाला अंदाज..."

आता ऐका मी काय म्हणालो ते. मी हाताने तो मोबाईल बाजूला सारला आणि म्हणालो, "फादर, आई कशी बघते ते मला फोटोत दाखवता?"

पास्कलने कौतुकाने मान हलवली. फादरांनी मोबाईल खिशात ठेवला. तज्ज्ञ माणसाचं हे असं असतं. त्याच्या आवाजानेच समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच ते उघडं राहायला हवं असतं.

हॉलच्या मागच्या खोलीत मी बसलो. दरवाजा बंद, पंखा बंद, पास्कलचं नाक वाजतं म्हणून पास्कलही बाहेर. पाऊण तासात डोळे काढले. पापणीची रेघ एक केसभर वर चढवली, बुबुळं समोरच्या बाजूला आणली आणि पांढरा ठिपका देऊन श्वास सोडला. मान बाळाकडे, नजर आपल्याकडे. बाळाला घेऊन बसलेली आई दारात कोण आलं म्हणून बघते ना, तशी. मी डावीकडे सरकलो, ती माझ्याकडे. उजवीकडे सरकलो, माझ्याकडे. खाली वाकून बूट बांधायचं नाटक केलं, तरी माझ्याकडे. माझ्या पायात चप्पल होती हेही तिला दिसलं असणार.

पास्कल आत आला, बघितलं आणि त्याने पटकन क्रूसाची खूण केली. "गज्या," तो कुजबुजला, "थिनरने मी पुसली हे हिला कळलंय."

दहा वाजता प्रदर्शन उघडलं. मला कोणी जा म्हणालं नाही आणि मीही जाणाऱ्यांतला नव्हे. दिवसभर राहिलो. आमच्याकडे प्रदर्शन म्हणजे पापड, कुर्ते आणि गुडघेदुखीचं तेल. इथे सगळं शांत. एका टेबलावर मांडीएवढ्या जाडीचं मराठी बायबल, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या. एका खोक्यात बाप्तिस्म्याचा पांढरा झगा, एकाच घरातल्या चार पिढ्यांनी घातलेला आणि चौघांनीही ओला केलेला, असं पास्कलचं म्हणणं. वाळलेल्या झावळीचे विणलेले क्रूस, हस्तिदंतासारखे पिवळे पडलेले. एक जपमाळ तर इतकी झिजलेली की मणी साबुदाण्याएवढे राहिलेले. ती ज्या आजीची होती तिने देवाकडे काय काय मागितलं असेल, आणि देव किती थकला असेल, असं मनात आलं.

लोक एकेका टेबलाशी थांबत, हळू बोलत, पुढे सरकत. मरियामातेपाशी मात्र थांबले ते थांबलेच.

"अगं, इकडे ये. बघ, माझ्याकडेच बघतेय."

"तुझ्याकडे कुठे? माझ्याकडे."

"सरक जरा, सरक. अगंबाई, खरंच की!"

अर्ध्या तासात तिथे घोळका झाला. घोळक्यात धक्काबुक्की सुरू झाली. आता माझा आणि पास्कलचा जन्म कुठला, तर लालबाग-परळचा. आमच्या डोळ्यांसमोर चार माणसं धक्काबुक्की करायला लागली की आमचे हात आपोआप दोरी शोधतात. पास्कलने पडद्याची दोरी सोडली, मी खुर्च्या लावल्या आणि दोन मिनिटांत रांग उभी. एवढ्यावर थांबतो तर आम्ही कसले! एक रांग लांबून बघणाऱ्यांची, एक जवळून बघणाऱ्यांची. म्हाताऱ्यांना आणि पोटुश्यांना मधून सोडायचं. माझ्या तोंडून सवयीने सुरू झालं, "चला, चला, पुढे चला, मोबाईल खिशात, मागे लोक उभे आहेत!"

रांग बघितली की मुंबईचा माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि मग विचारतो, कशाची आहे. चर्चसमोरच्या फुटपाथवरून जाणारे आत आले. हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग झाला. कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्याने काढल्या, बाकीच्यांनी काढल्या. एका बाईंनी मरियामातेच्या पायाशी जास्वंद ठेवली. साडेअकराच्या सुमारास एकाने नारळ आणला आणि फोडायची जागा विचारली.

फादर धावत आले. "नारळ? काका, नारळ इथे कसा?"

"फादर, श्रद्धा आहे, ठेवून घेऊ," मी म्हणालो. "पास्कलच्या घरी आमटीत पडेल."

मग बारा-साडेबाराला तो व्हिडिओ निघाला. कोणी काढला देव जाणे. 'दादरला माउलीने डोळे उघडले.' डोळे मीच उघडले होते, पण खाली माझं नाव नव्हतं. फादरांना तो माहीमच्या त्यांच्या सख्ख्या मावशीने पाठवला, वर विचारलं, 'तू तिथेच असतोस ना? तुला काहीच कसं ठाऊक नाही?' फादर पंख्याखाली जाऊन उभे राहिले. दर पाच मिनिटांनी हात वर करून सांगत, "चमत्कार नाही, रंगकाम आहे. कृपया ऐका, रंगकाम आहे." रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "किती नम्र आहेत बघ."

खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. कुंचला ठेवून चार वर्षं झाली होती. घरात नजरेला नजर देऊन बोलायला बायको सोडून कोणी नव्हतं. आणि इथे माझ्या दोन ठिपक्यांपुढे रांग वळण घेऊन गेटापर्यंत गेली होती. गेटापर्यंत म्हणजे शिवाजी पार्कापर्यंत गेली, असं मी आमच्या कट्ट्यावर सांगतो.

बरोबर चार वाजता आग्नेसबाई आल्या. लहानखुरी चण, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात काठी, केस चापून बांधलेले. त्यांनी चपलांचा ढीग बघितला, रांग बघितली, दोरी बघितली. पास्कलने दोरी उचलली आणि त्या सरळ पुढे गेल्या. रांगेतलं कोणीतरी ओरडलं, "ओ मावशी, लाइनीत या!"

"माझ्या घरची बाय आहे ती," आग्नेसबाई मागे न बघता म्हणाल्या. "लाइन तुम्ही लावा."

मग त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मी छाती पुढे काढून बाजूला. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येणार, माझा हात हातात घेणार. त्या डावीकडे सरकल्या. उजवीकडे सरकल्या. काठी टेकवत पार भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

फादर पुढे झाले. खोटं बोलले नाहीत, मानलं त्यांना. पुसण्यापासून आखणीपर्यंत सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे, बाय. शब्द मी दिला होता."

"तुम्ही काढलेत डोळे?" त्या माझ्याकडे वळल्या.

"हो. बघा ना, कशी सगळ्यांकडे बघतेय."

"तेच म्हणते मी! पोर बघतंय आईकडे, आणि आई बघते गिऱ्हाइकाकडे! अशी असते आई?"

रांगेत कोणीतरी हसलं. मी हसलो नाही. मी बाळाकडे बघितलं. सकाळी पाऊण तास ते माझ्या नाकासमोर होतं. एवढीशी मान वर करून आईच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या बिनओळखीच्या माणसांकडे तिची नजर फिरवली होती.

तरी खोड जाते का! मी म्हणालो, "पण मावशी, सगळ्यांना आवडलीय. आणि देवाने आपल्याकडे बघावं, असंच वाटतं ना माणसाला?"

"तुला वाटत असेल. माझं ऐक." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी सात वर्षांची असल्यापासून हिच्याशी बोलते. नवरा गेला तेव्हा हिला काय वाट्टेल ते बोलले. पोरगी लग्न करून दूरदेशी गेली तेव्हा तीन दिवस हिच्यासमोर ओरडून रडले. संध्याकाळी एक ग्लास घेते, तोही हिच्यासमोर. हे सगळं का जमलं? कारण ती तिच्या पोराकडे बघत असते. कान माझ्याकडे, डोळे पोराकडे. असं टक लावून बघणाऱ्या बाईसमोर मी रडू कशी? पिऊ कशी?"

फादर म्हणाले, "आपण उद्या नीट करून..."

"तिला न घेता मी घरी जाणार नाही. आणि अशी घेऊन तर मुळीच जाणार नाही." आग्नेसबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "सहा वाजायला वेळ आहे."

आता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट करायचं म्हणजे आधी पुसायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही. आखलेला डोळा आम्ही पुसत नाही. रंग उडाला, मूर्ती दुखावली, तर डागडुजी करू; पण बघणारा डोळा, ज्याच्यापुढे सकाळपासून शेकडो माणसं हात जोडून गेली, तो आपल्याच हाताने पुसायचा? मी आजवर तसं केलेलं नव्हतं आणि करणाऱ्याला कारागीर म्हटलेलं नव्हतं.

पास्कल म्हणाला, "मी पुसू? मला अनुभव आहे."

"तू बाटलीला हात लावू नकोस," मी म्हणालो.

रांगेला आम्ही बाहेर काढलं, दार लावलं. ओल्या कापसाच्या बोळ्याने मी आधी डावा डोळा टिपला, मग उजवा. पुसताना ती माझ्याकडेच बघत होती, शेवटपर्यंत. मीच तसं केलं होतं तिला. तो बोळा मला टाकवेना, रुमालात बांधून खिशात ठेवला. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलेलं नाही, इथे लिहितोय.

मग मी विचारलं. सकाळी विचारायला हवं होतं ते.

"मावशी, ती नक्की कुठे बघत होती? बाळाच्या डोळ्यांत?"

"नाही रे."

"कपाळाकडे?"

आग्नेसबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ओठांकडे. दूध पोटभर प्यालं की नाही, ते बघतात ना. तशी."

पापणीची रेघ खाली आणली. बुबुळं अर्धी पापणीखाली लपवली आणि आत वळवली. आमच्या धंद्यात असा डोळा कोणी काढत नाही, कारण समोर उभ्या राहिलेल्याला त्यात काहीच मिळत नाही. मला दोनदा थांबावं लागलं. आग्नेसबाई मागून सांगत होत्या, "अजून खाली. अजून. बस." शेवटचा पांढरा ठिपका द्यायला कुंचला उचलला आणि माझ्या लक्षात आलं की खाली झुकलेल्या डोळ्यात तो दिसणारच नाही. दिला नाही. मी उठून मागे सरकलो. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो. तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नजर तिथेच, बाळाच्या ओठांवर. एवढ्या देवांनी माझ्याकडे बघितलं, पण त्यांतल्या कोणाकडे मी इतका वेळ बघत उभा राहिलो नव्हतो.

आग्नेसबाई काठी टेकत जवळ आल्या. नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. क्रूसाची खूण केली, खुर्ची मूर्तीसमोर सरकवून बसल्या आणि तोंड उघडलं.

"हां. आता ऐक. सकाळपासून तुला सांगायचं राहिलंय. तुझ्या त्या लाडक्या शेजारणीने..."

मग थांबून त्यांनी आम्हा तिघांकडे बघितलं. "तुम्ही इथे काय करताय? जा, बाहेर जा. टॅक्सी सहाला बोलवा."

आम्ही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आतून एकसारखा आवाज येत होता, मधेच चढा, मधेच हसण्यासारखा. पास्कलने हळूच दाराला कान लावला. मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढला.

"काय सांगतेय रे ती?" तो म्हणाला.

"आईसुद्धा बघत नाहीये," मी म्हणालो, "तू कशाला ऐकतोस?"

फादरांनी दारासमोर खुर्ची टाकली आणि सहा वाजेपर्यंत कोणालाही आत सोडलं नाही.